रोज शटडाउन कशाला? घरच्या कॉम्प्युटरला झोपवण्याविषयी

प्रश्न असा आहे: घरात डेस्कटॉप आहे. रोज रात्री तो शटडाउन होतो आणि सकाळी सगळे टॅब, फाइली, फोल्डर पुन्हा उघडत बसावं लागतं. त्याऐवजी स्लीपवर ठेवला तर चालेल का, वीज किती जाईल, आणि 'सारखं स्लीपवर ठेवलं की पार्ट लवकर जातात' हे घरच्यांचं म्हणणं खरं का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. ठेवा स्लीपवर. पार्ट जात नाहीत आणि विजेचा फरक इतका कमी आहे की बिलात शोधून सापडणार नाही. फक्त दोन प्रसंगी स्लीपवर विसंबू नका: वीज अचानक जाण्याची शक्यता असेल तेव्हा, आणि लॅपटॉप बॅगेत भरायचा असेल तेव्हा. तिथे हायबरनेट. आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. शटडाउन नव्हे, रीस्टार्ट. हा फरक पुढे सांगतो, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो.

स्लीप, हायबरनेट आणि शटडाउन यांत निवड करताना मी एकच गोष्ट विचारतो: तुमचं उघडं काम या क्षणी नेमकं कुठे ठेवलेलं आहे? स्लीपमध्ये ते रॅममध्ये असतं. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर लिहिलेलं असतं. शटडाउनमध्ये ते कुठेच नसतं, तुम्ही सेव्ह केलं तेवढंच उरतं. वेग, वीज, धोका, सुरक्षितता, सगळी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

या अवस्थांना रीतसर क्रमांक आहेत. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं मानक आणलं. त्यात चालू मशीन म्हणजे एस-शून्य, नेहमीचं स्लीप म्हणजे एस-तीन, हायबरनेट म्हणजे एस-चार आणि शटडाउन म्हणजे एस-पाच. एस-एक आणि एस-दोन घरच्या वापरात आता सहसा भेटत नाहीत.

एस-तीनमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे, ग्राफिक्स कार्ड सगळ्यांची वीज तोडली जाते. रॅमला मात्र तोडता येत नाही. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळी रॅम एकदा ताजी करावी लागते. स्लीपमध्ये हे काम रॅमच्या चिप स्वतःच करतात. त्यासाठी लागणारी वीज आणि कीबोर्ड, माउस, नेटवर्क कार्डाला 'कोणी हाक मारतंय का' हे ऐकायला लागणारी वीज, एवढाच स्लीपचा खर्च. साधारण डेस्कटॉपला तो १ ते ५ वॉटच्या दरम्यान असतो.

आता हिशेब करू. समजा मशीन दिवसाचे १६ तास वापरात नाही. स्लीपमध्ये ३ वॉट धरले तर वर्षाला साधारण साडेसतरा युनिट होतात. शटडाउन केलेला, पण प्लग लावलेला डेस्कटॉपसुद्धा शून्य वॉट घेत नाही; एसएमपीएसमधली (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातली) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन जिवंतच असते, म्हणून तर पॉवरचं बटण दाबल्यावर मदरबोर्डला ते कळतं. तिथे १ वॉट धरला तर वर्षाला सहा युनिटच्या आसपास. म्हणजे स्लीप आणि शटडाउन यांतला फरक वर्षाला १२ युनिटच्या आतबाहेर. आता तेच मशीन 'असू दे चालू, येतोच आहे' म्हणून १६ तास नुसतं ५० वॉटवर जळत राहिलं तर वर्षाला २९२ युनिट, आणि त्यात मॉनिटर धरलेला नाही. खरा खर्च इथे आहे. शटडाउनचा कंटाळा येतो म्हणून माणूस दिवसभर मशीन चालू सोडून जातो, आणि रात्री शटडाउन करून वीज वाचवल्याचं समाधान मानतो. स्लीपचा मोठा फायदा हा की ते इतकं सोपं आहे की पंधरा मिनिटांसाठी उठलात तरी मशीन आपोआप झोपतं. स्क्रीनसेव्हरने काहीच वाचत नाही, हेही जाता जाता सांगून टाकतो. ती सोय जुन्या जाड काचेच्या मॉनिटरवर चित्राचा डाग पडू नये म्हणून होती.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे, की मशीन सुरू करताना प्रचंड वीज लागते. समजा सुरू होऊन कामाला लागेपर्यंत दोन मिनिटं १०० वॉट लागले, तर ते झाले साडेतीन वॉट-तासांपेक्षाही कमी. स्लीप आणि शटडाउनमधला २ वॉटचा फरक धरला तर दीड-दोन तासांच्या आतल्या सुट्टीला स्लीप विजेच्या दृष्टीनेही स्वस्त पडतं. त्याहून मोठ्या सुट्टीला शटडाउन स्वस्त, पण किती, ते वर पाहिलंच.

पार्ट खराब होण्याचं म्हणणं दोन तर्कांवर उभं असतं. पहिला, तापणं-थंड होणं. धातूचे जोड तापले की फुगतात, गार झाले की आकसतात, आणि वर्षानुवर्षं हे झालं की झिजतात. तर्क खरा आहे. पण स्लीपमध्ये मशीन शटडाउनइतकंच थंड होतं, तेव्हा दोन्हींत निवड करताना तो उपयोगाचा नाही. हा तर्क शेवटपर्यंत ताणला तर मशीन कधीच बंद करू नये असं निघेल. दुसरा तर्क हार्ड डिस्कचा. फिरणारी डिस्क थांबणं-सुरू होणं याला मर्यादा असते. अनेक डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात ५०,००० हा आकडा दिसतो. दिवसातून दहा वेळा मशीन झोपलं आणि उठलं तरी तिथवर पोचायला साडेतेरा वर्षं लागतील. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरण्यासारखं काही नसतंच.

एसएसडीचा मुद्दा हायबरनेटच्या बाबतीत विचारला जातो: रोज एवढं लिहून ती झिजणार नाही का? विंडोज १० पासून हायबरनेटची फाइल रॅमच्या ४० टक्के आकाराची धरली जाते, कारण मजकूर दाबून लिहिला जातो. १६ जीबी रॅमला ती साधारण साडेसहा जीबी झाली. रोज एकदा पूर्ण भरली तरी वर्षाला सव्वादोन-अडीच टीबी. १ टीबीच्या चांगल्या घरगुती एसएसडीवर ६०० टीबी लिहिण्याची हमी मिळते. भागाकार केलात तर अडीचशे वर्षांच्या आसपास उत्तर येतं. मशीन त्याच्या कितीतरी आधी भंगारात जाईल. जागेची अडचण मात्र खरी असू शकते. ६४ जीबी रॅम आणि छोटी एसएसडी असेल तर ती फाइल डोळ्यांत भरते.

आता शटडाउनविषयी. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालू असते. ती असताना तुम्ही शटडाउन म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय अशी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) हायबरनेटच्याच फाइलमध्ये लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. म्हणजे ज्याला तुम्ही ताजी सुरुवात समजता ती ताजी नसतेच. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली 'अप टाइम' बघा. रोज शटडाउन करणाऱ्या अनेकांना तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो आणि विश्वास बसत नाही. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं खरोखर शून्यापासून उभं राहतं. 'शटडाउन करून पुन्हा चालू केलं तरी प्रिंटरचा गोंधळ गेला नाही' ही तक्रार आली की मी पहिल्यांदा रीस्टार्ट करायला सांगतो. खरोखरचं शटडाउन हवं असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउनवर क्लिक करा, किंवा फास्ट स्टार्टअप बंदच करा. एसएसडी असेल तर त्याने वाचणारे चार-दोन सेकंद माझ्या मते या घोटाळ्याच्या मोलाचे नाहीत.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे बंद करणं सक्तीचंच समजा. विंडोज हायबरनेटमध्ये किंवा अशा अर्धवट शटडाउनमध्ये असताना लिनक्समधून त्याच ड्राइव्हवर काही लिहिलं, तर विंडोज उठल्यावर आपल्या जुन्या आठवणीप्रमाणे वागतं आणि फाइली बिघडतात.

वीज जाण्याच्या प्रसंगाकडे येतो. काम रॅममध्ये आहे, रॅमची वीज गेली, काम गेलं. डेस्कटॉपला बॅटरी नसते, त्यामुळे स्लीपमध्ये असताना वीज गेली की सेव्ह न केलेलं सगळं उडतं. यावर विंडोजमध्ये व्हिस्टा या आवृत्तीपासून 'हायब्रिड स्लीप' आहे. त्यात मशीन झोपण्याआधी रॅमची प्रत डिस्कवरही लिहितं. वीज टिकली तर रॅममधून दोन सेकंदांत उठतं. वीज गेली तर पुढच्या वेळी डिस्कवरून थोडं सावकाश, पण कामासकट उठतं. घरच्या डेस्कटॉपसाठी माझी पहिली पसंती हीच. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथून प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, मग 'स्लीप' या गटात 'अलाऊ हायब्रिड स्लीप' असं सापडतं. हायबरनेट बंद केलेलं असेल तर हा पर्याय दिसत नाही, कारण दोघांची फाइल एकच. जागा वाचवायला म्हणून कोणीतरी हायबरनेट बंद करून ठेवलेलं असतं आणि नंतर हायब्रिड स्लीप शोधत बसावं लागतं, असं बऱ्याचदा होतं.

आकाशात वीज कडाडत असेल तर स्लीप आणि शटडाउन दोन्ही सारखेच असुरक्षित. दोन्हींत प्लग भिंतीतच असतो. त्या वेळी प्लग काढा, आणि इंटरनेटची केबल मोडेममधून येत असेल तर तीही. रॅम किंवा कार्ड बदलायला कॅबिनेट उघडतानाही तसंच: झोपलेल्या मशीनचे पंखे थांबलेले असतात म्हणून ते बंद आहे असं वाटतं, पण रॅमच्या खाचेत वीज असते.

लॅपटॉपची कथा वेगळी आहे, आणि गेल्या काही वर्षांत ती बिघडली आहे. पूर्वी झाकण मिटलं की लॅपटॉप एस-तीनमध्ये जायचा आणि चांगल्या बॅटरीवर दिवसचे दिवस टिकायचा. आता बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपमधून एस-तीन काढून टाकलं आहे आणि 'मॉडर्न स्टँडबाय' दिलं आहे. यात मशीन तांत्रिकदृष्ट्या एस-शून्यमध्येच, म्हणजे चालूच असतं. फक्त स्क्रीन काळी आणि बाकी सगळं हळू. फोनसारखं झटकन उठावं, मेल येत राहावी, हा हेतू. सगळे ड्रायव्हर शहाण्यासारखे वागले तर ते छान चालतं. एखादा वायफायचा ड्रायव्हर किंवा अपडेट मध्येच जागं झालं की लॅपटॉप बंद बॅगेत काम करत बसतो, हवा मिळत नाही, आणि तुम्ही बॅग उघडता तेव्हा तो गरम आणि बॅटरी रिकामी. असं झालं की लोक बॅटरी बदलायला निघतात; बॅटरीचा दोष बहुधा नसतो.

तुमच्या मशीनमध्ये काय आहे ते बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पॉवरसीएफजी' (powercfg) ही कमांड, जागा सोडून स्लॅश आणि 'ए' हे इंग्रजी अक्षर टाइप करा. कोणत्या झोपा उपलब्ध आहेत आणि कोणत्या नाहीत, कारणासकट, अशी यादी येते. त्यात 'एस-झीरो लो पॉवर आयडल' दिसलं तर तुमच्याकडे मॉडर्न स्टँडबाय आहे. अशा लॅपटॉपला माझा सल्ला साधा आहे: झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हायला लावा, निदान बॅटरीवर असताना तरी. पॉवर ऑप्शन्समध्ये 'झाकण मिटल्यावर काय करायचं' हे निवडता येतं. उठायला दहा-पंधरा सेकंद जास्त जातील, पण बॅगेत आग लागल्यासारखी गरमी होणार नाही. महिनाभर वापरणारच नसाल तर बॅटरी साधारण निम्मी ठेवून पूर्ण शटडाउन करा. लिथियम बॅटरीला रिकामी होऊन पडून राहणं सोसत नाही.

मॅकवाल्यांना यातलं फारसं काही करावं लागत नाही. मॅकबुक झोपताना रॅमची प्रत डिस्कवर ठेवतं आणि बॅटरी संपत आली तर तिथून सावरतं, म्हणजे हायब्रिड स्लीपच. लिनक्सवर सस्पेंड बहुतेक ठिकाणी लगेच चालतं. हायबरनेटला पुरेशी स्वॅप जागा, म्हणजे डिस्कवर रॅमसाठी राखून ठेवलेला भाग, लागते, आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचीच सिस्टिम चालू देणारी सोय) चालू असेल तर अनेक डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार, हायबरनेट अडवतात. 'सस्पेंड-देन-हायबरनेट' हा सिस्टिमडीमधला (लिनक्सच्या मूळ सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला) पर्याय लॅपटॉपला फार उपयोगी आहे: आधी साधी झोप, ठरावीक वेळाने आपोआप हायबरनेट.

स्लीपविषयीची सगळ्यात मोठी तक्रार विजेचीही नसते आणि पार्टचीही नसते. ती असते, 'रात्री तीनला मशीन आपोआप चालू होतं.' हे भुताटकीचं वाटलं तरी शोधता येतं. पुन्हा तीच पॉवरसीएफजी कमांड, या वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत. स्लॅश 'लास्टवेक' लावलं तर शेवटचं कोणी उठवलं ते सांगते. स्लॅश 'वेकटायमर्स' लावलं तर कोणी गजर लावून ठेवला आहे ते कळतं. स्लॅश 'रिक्वेस्ट्स' हा उलट्या तक्रारीसाठी आहे, म्हणजे मशीन झोपतच नसेल तर कोण जागं ठेवतंय ते दाखवतो. बऱ्याचदा ब्राउझरमधला एखादा टॅब आवाज वाजवत असल्याचा दावा करत असतो.

उठवणारे गुन्हेगार तीनच, फार तर चार. माउस: टेबलाला धक्का लागला तरी ऑप्टिकल माउसला हालचाल वाटते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'या उपकरणाला कॉम्प्युटर उठवू द्या' ही खूण काढा, कीबोर्डची राहू द्या. नेटवर्क कार्ड: राउटर किंवा घरातलं दुसरं मशीन काहीतरी विचारतं आणि कार्ड जागं होतं. तिथे 'फक्त मॅजिक पॅकेटनेच उठवावं' ही खूण करा. मॅजिक पॅकेट म्हणजे त्या कार्डाचा पत्ता सलग सोळा वेळा लिहिलेला खास संदेश. तो चुकून कोणी पाठवत नाही. वेक टायमर: अपडेट किंवा देखभालीची कामं. पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपखाली ते बंद करता येतात. चौथा म्हणजे सैल यूएसबी जोडणी, पण ती क्वचित.

सुरक्षिततेबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, असली तरी मशीन स्लीपमध्ये असताना तिची किल्ली रॅममध्ये असते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद, आणि चिप थंड केल्या तर आणखी बराच वेळ, वाचता येतो. घरात ठेवलेल्या डेस्कटॉपला याची चिंता करण्याचं कारण नाही. प्रवासात, संवेदनशील कागदपत्रं असलेला लॅपटॉप असेल तर हायबरनेट किंवा शटडाउन. आणि स्लीपमधून उठल्यावर पासवर्ड विचारण्याची सेटिंग बंद करू नका, मग घरात कोणी कितीही कुरकुर करो.

बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडलेला असेल तर मशीन झोपलेलं असताना तो उपटू नका. दिवा विझलेला दिसला तरी मशीनच्या लेखी ती फाइल अजून उघडी असते.

रीस्टार्ट किती वेळा? मायक्रोसॉफ्टची मुख्य सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि त्यातली बरीचशी रीस्टार्टशिवाय पूर्ण बसत नाहीत, तेव्हा महिन्याला एकदा तर हवंच. मी आठवड्याला एकदा म्हणतो, कारण काही प्रोग्रॅम रॅम घेतात आणि परत देत नाहीत. पूर्वी परिस्थिती याहून गमतीची होती: विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर यायचा आणि मशीन थिजायचं. ते सापडायला वर्षं लागली, कारण त्या काळात विंडोज सलग इतके दिवस चालू राहणंच दुर्मीळ होतं.

तुमच्या डेस्कटॉपवर मी लावेन त्या सेटिंग्ज अशा: स्क्रीन दहा मिनिटांनी बंद, मशीन वीस-तीस मिनिटांनी स्लीप, हायब्रिड स्लीप चालू, फास्ट स्टार्टअप बंद, कॅबिनेटवरच्या बटणाला स्लीप जोडलेलं, आणि स्टार्ट मेन्यूत हायबरनेट दिसेल असं केलेलं. हा शेवटचा पर्याय सुरुवातीला लपवलेला असतो. 'पॉवरची बटणं काय करतील' या पानावर त्याची खूण आहे. चार-पाच दिवस घराबाहेर जाणार असाल तर हायबरनेट करा आणि भिंतीवरचा स्विच बंद करा. काम डिस्कवर आहे, विजेची गरज नाही, परत आल्यावर टॅब जिथे होते तिथे मिळतील.

एवढं करूनही एखादं मशीन झोपतं आणि उठल्यावर स्क्रीन काळीच राहते. तेव्हा कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे आणि अडकलाय तो ग्राफिक्स ड्रायव्हर. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि इंग्रजी बी ही बटणं एकदम दाबली तर तो ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि काम वाचतं. नंतर ड्रायव्हर अपडेट करा. दिवा हललाच नाही तर पॉवरचं बटण चार-पाच सेकंद धरून बंद करण्यावाचून इलाज नाही. वारंवार होत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी प्रोफाइल चालू आहे का ते बघा. दिवसभर नीट चालणारी रॅम झोपेतून उठताना त्या वेगावर अडखळू शकते. ते बंद करून आठवडाभर वापरा. तरीही तेच झालं तर बायोस अपडेट करा, आणि त्यानंतर दुसरा एसएमपीएस लावून बघा, कारण झोपेत सगळा भार त्या ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइनवर असतो आणि जुन्या एसएमपीएसमध्ये ती कमजोर झालेली असू शकते.